संपूर्ण वनस्पती आहाराकडे कुटुंबाने कसे वळावे: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

संपूर्ण वनस्पती आहार म्हणजे भाज्या, फळे, अख्खी तृणधान्ये, डाळी व कडधान्ये, सुकामेवा आणि बिया यांवर आधारलेले जेवण. त्यात मांस, मासे, अंडी आणि दुग्धजन्य पदार्थ नसतात किंवा अगदी थोडे असतात, आणि साखर, मैदा, रिफाइंड तेल यांसारखे मूळ अन्नापासून वेगळे काढलेले घटकही शक्य तितके कमी ठेवले जातात. यातील दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, पण बहुतेक घरांत नेमकी तीच विसरली जाते. तळलेले बटाट्याचे काप, गोड शीतपेय आणि मैद्याची बिस्किटे हे सगळे वनस्पतीजन्यच असते. अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अख्खी धान्ये, फळे, भाज्या व कडधान्ये भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, तर गोड पेये, मैदा आणि मिठाई यांवर भर असलेला वनस्पती आहार घेणाऱ्यांत ते वाढलेले दिसले.

आमच्या घरात हा बदल होत असताना जी माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली, ती येथे क्रमाने मांडली आहे. ताटातून एखादा पदार्थ काढायचा असेल, तर त्याच्या जागी काय येणार हे आधी ठरवावे, हा सगळ्या पायऱ्यांमागचा एकच नियम आहे. दूध, अंडी किंवा मांस काढल्यावर चवीची उणीव पहिल्याच दिवशी कळते. बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव मात्र काही वर्षांनी कळते, आणि तोपर्यंत तिचा आहारातील बदलाशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१. कोणी किती पुढे जायचे ते ठरवा

सगळ्या घराला एकच माप लावू नका. मांस, अंडी व दूध पूर्णपणे सोडलेला आहार कोणत्या वयात सुरक्षित मानावा, याविषयी तज्ज्ञ संस्थांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये, नीट आखलेला असा आहार आयुष्याच्या सर्व टप्प्यांत चालतो, असे मत दिले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे नवे निवेदन केवळ प्रौढांपुरते मर्यादित आहे. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ मध्ये मुले, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या मातांना तो सुचवला नव्हता, आणि २०२४ मध्ये या गटांसाठी बाजूने किंवा विरोधात ठाम शिफारस करण्याचे टाळले.

यावरून मी काढलेला निष्कर्ष असा की निरोगी प्रौढांनी हवे तितके पुढे जावे. मुले, गर्भवती, स्तनपान देणाऱ्या माता आणि वजन घटत चाललेले ज्येष्ठ यांच्या आहारात वनस्पतीजन्य भाग जरूर वाढवावा, पण प्राणिजन्य पदार्थ पूर्ण बंद करण्याआधी आहारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ताटाचा बराचसा भाग बदलला तरी लाभाचा मोठा वाटा पदरी पडतो. उरलेल्या थोड्या भागावरून घरात भांडणे ओढवून घेण्यात अर्थ नाही.

या आहाराने हृदयाच्या धमन्यांतील अडथळे कमी होतात, हा दावा तुम्ही ऐकला असेल. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांची १९९० ची चाचणी त्याला आधार म्हणून दिली जाते. त्या चाचणीत अत्यल्प स्निग्धांशाच्या शाकाहाराबरोबर व्यायाम, धूम्रपानबंदी, ताण कमी करण्याचे प्रशिक्षण आणि गटाचा आधार हेही होते, आणि सहभागी रुग्णांची संख्या लहान होती. म्हणून सारे श्रेय एकट्या ताटाला देता येत नाही.

२. स्वयंपाकघरात शिरण्याआधी डॉक्टरांकडे जा

ही पायरी वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो. मात्र घरात कोणी नियमित औषधे घेत असेल तर ती वगळता येत नाही, कारण आहार बदलला की औषधाची योग्य मात्राही बदलू शकते.

• इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर, आहार हलका झाल्यावर, धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत घरीच वारंवार मोजणी करावी आणि मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.
• रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही हेच लागू होते. उभे राहताना चक्कर येऊ लागली तर ती अशक्तपणाची खूण समजून स्वस्थ बसू नका.
• वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत. त्यांतील के जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते. पालेभाज्या वर्ज्य नाहीत. प्रमाण रोज सारखे ठेवावे लागते आणि रक्ततपासणी चालू ठेवावी लागते.
• मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना कडधान्ये, सुकामेवा, बटाटे आणि फळे यांतील पोटॅशियम बाधू शकते. त्यांच्यासाठी हा लेख पुरेसा नाही.
• मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ आधीच कमी असण्याची शक्यता असते.

जाताना सोबत न्यावयाच्या गोष्टी: प्रत्येकाच्या चालू औषधांची मात्रेसह यादी, आधीचे तपासणी अहवाल, मुलांच्या उंची-वजनाची नोंद, आणि घरात साधारण आठवडाभर काय खाल्ले जाते याची प्रामाणिक यादी. सुरुवातीच्या मोजमापासाठी हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, एचबीए१सी (रक्तशर्करेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व इतर स्निग्धांश) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) यांपैकी कोणत्या तपासण्या कोणासाठी आवश्यक आहेत, हे डॉक्टरांना विचारा. हे आकडे हाती नसतील तर पुढे फरक पडला की नाही हे सांगताच येणार नाही.

३. घरात आधीपासून असलेले पदार्थ शोधून काढा

नव्या पाककृतींच्या मागे लगेच लागू नका. बहुतेक घरांत ठरावीक पदार्थच आलटून पालटून होतात. त्यांची यादी करा आणि तीन खुणा ठेवा. जे आधीच वनस्पतीजन्य आणि अख्ख्या अन्नाचे आहेत ते पहिल्या गटात, एखादा घटक बदलून तसे होतील ते दुसऱ्या गटात, आणि बदलताच येणार नाहीत ते तिसऱ्या गटात. पहिल्या गटातले पदार्थ आठवड्यात अधिक वेळा करणे ही सर्वांत बिनकटकटीची सुरुवात आहे, कारण त्यांत कोणालाच नवे काही खावे लागत नाही. त्यानंतर दुसऱ्या गटाला हात घाला. मांसाच्या रश्श्यात निम्म्या मांसाऐवजी मसूर, पांढऱ्या तांदळात थोडा हातसडीचा, साखरेच्या जागी पिकलेले केळे किंवा खजूर, असे बदल पुष्कळदा लक्षातही येत नाहीत. तिसऱ्या गटातील पदार्थ सणासमारंभापुरते राहू द्या.

४. कडधान्यांवर हात बसवा

या आहाराचे यशापयश बहुतांशी कडधान्यांवर ठरते. नुसत्या भाज्या आणि सॅलड वाढवून मांस किंवा चीज काढले, तर दोन तासांत सगळे पुन्हा खाऊचे डबे उघडतात. याचे कारण सरळ आहे. बहुतेक पालेभाज्यांच्या १०० ग्रॅममध्ये २० ते ४० किलोकॅलरी असतात, तर तितक्याच शिजवलेल्या मसुरात सुमारे ११५ किलोकॅलरी, ९ ग्रॅम प्रथिने आणि ८ ग्रॅम तंतू (फायबर) असतात. काढलेल्या पदार्थाची जागा भरण्याचे काम भाजी एकटी करू शकत नाही.

प्रथिनांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जाईल, म्हणून हिशेब तयार ठेवा. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. ६० किलो वजनाच्या प्रौढाला म्हणजे साधारण ४८ ग्रॅम. दिवसभरात २०० ग्रॅम शिजवलेली मसूर, ५० ग्रॅम ओट, मूठभर सुकामेवा, थोडे टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) आणि नेहमीचे धान्य एवढ्यात ती भरतात. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते मुबलक असते. म्हणून दोन्ही खावीत, मात्र एकाच वेळच्या ताटात ती असलीच पाहिजेत असे नाही.

सुरुवात सालविरहित डाळींपासून करा. त्या लवकर शिजतात आणि पचायलाही सोप्या जातात. ज्यांच्या पोटाला तंतूंची सवय नाही, त्यांना पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन चमचेच द्या आणि हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते, पण तिथवर पोहोचायला काही आठवडे घ्यावेत आणि सोबत पाणीही वाढवावे. 'आम्हाला कडधान्ये सोसत नाहीत' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पहिल्याच दिवशी वाढलेल्या मोठ्या वाटीत असते. भिजवल्याने आणि ते पाणी टाकून दिल्याने वायू धरणाऱ्या शर्करा काही प्रमाणात कमी होतात. मोड आणल्याने आणि आंबवल्याने लोह व जस्त अडवणारे फायटेटही घटते.

राजम्याबाबत मात्र निष्काळजीपणा नको. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन हे विष असते आणि अर्धवट शिजलेल्या चार-पाच दाण्यांनीही तीव्र उलट्या-जुलाब होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनेनुसार तो किमान ५ तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटे उकळावा. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा घालू नये, कारण पाणी उकळीला न येता नुसते तापत राहिले तर विषाची तीव्रता उलट वाढू शकते. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो. तो धुऊन घेतला की त्यातले मीठही बरेच निघून जाते.

साधने फारशी लागत नाहीत: प्रेशर कुकर, जाड बुडाचे पातेले, धार असलेली सुरी, बिया दळण्यापुरता छोटा मिक्सर आणि शीतपेटीत चालणारे घट्ट झाकणाचे डबे. आठवड्यातून एकदा दोन प्रकारची कडधान्ये मोठ्या प्रमाणात शिजवून वाटणी करून गोठवली, तर दमून घरी आल्यावर बाहेरून जेवण मागवण्याची वेळ येत नाही. शिजवलेले धान्य, विशेषतः भात, तासन्‌तास बाहेर ठेवू नका. लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवा, कारण त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

५. धान्य, साखर आणि तेल

२०१९ मध्ये संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात तयार केलेले) आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचे अन्न हवे तितके खाऊ दिले. दोन्ही ताटांत साखर, स्निग्धांश व तंतू सारखे राखलेले असूनही पहिल्या प्रकारात लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. म्हणून वनस्पतीजन्य असल्याची जाहिरात करणारे तयार बर्गर, सॉसेज आणि चीज यांचा उपयोग बदलाच्या काळात अधूनमधून आधार म्हणून करावा, रोजचे अन्न म्हणून करू नये. वेष्टनाच्या पुढच्या बाजूकडे न पाहता मागची घटकांची यादी आणि मिठाचे प्रमाण वाचा.

तेलाविषयी या आहाराचे काही पुरस्कर्ते फार कडक आहेत. एक मोठा चमचा तेलात सुमारे १२० किलोकॅलरी असतात हे खरे. तळण बंद करणे आणि फोडणीचे तेल मोजून घेणे एवढ्याने प्रौढांचे काम भागते. लहान मुलांच्या ताटातून तेल आणि सुकामेवा काढू नका.

६. दुधाची जागा

ही पायरी सावकाश घ्या. दुधाबरोबर कॅल्शियम, प्रथिने, बी-१२ आणि अनेक ठिकाणी आयोडीनही जाते. बदामाच्या बहुतेक पेयांत १०० मिलिलिटरमागे जेमतेम १ ग्रॅम किंवा त्याहून कमी प्रथिने असतात, सोयाच्या पेयात सुमारे ३ ग्रॅम. म्हणून मुलांसाठी पर्याय निवडायचा तर साखर न घातलेले, कॅल्शियम व बी-१२ मिसळलेले सोया पेय निवडावे आणि कॅल्शियम तळाशी बसत असल्याने पुडा नीट हलवून घ्यावा. तांदळाच्या पेयात आर्सेनिक असू शकते. ५ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे ब्रिटनचे आरोग्य खाते सांगते.

पालकावर कॅल्शियमसाठी विसंबून राहू नका. त्यातील ऑक्झलेट हा घटक कॅल्शियमला बांधून ठेवत असल्यामुळे शरीराला त्यातले सुमारे ५ टक्केच कॅल्शियम मिळते, तर दुधातले जवळपास ३० टक्के मिळते. केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), ब्रोकोली, कोबी आणि कॅल्शियम वापरून घट्ट केलेले टोफू हे स्रोत अधिक कामाचे आहेत.

७. ज्या गोष्टी ताटातून पुरेशा मिळत नाहीत

बी-१२: हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून टंचाई उघड व्हायला वर्षे लागतात; हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा अशी लक्षणे दिसतात, आणि मज्जातंतूंची हानी दरवेळी भरून येत नाही. कडधान्ये व पालेभाज्यांतील भरपूर फॉलेट या जीवनसत्त्वामुळे रक्तक्षय झाकला जातो आणि निदान आणखी लांबते. ब्रिटनमधील व्हीगन सोसायटी (प्राणिजन्य पदार्थ न वापरणाऱ्यांची संस्था) प्रौढांना रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला किमान २००० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. आठवड्याचा आकडा इतका मोठा असण्याचे कारण असे की मोठ्या मात्रेतील फार थोडा अंशच शोषला जातो. स्पिरुलिना या शेवाळातील बी-१२ बहुतांशी शरीराच्या उपयोगाचे नसते. जी माता बी-१२ घेत नाही तिच्या स्तनपानावरच्या बाळाला गंभीर मेंदूविकार होऊ शकतो; इथे चालढकल चालत नाही.

लोह: डाळी व पालेभाज्यांतील लोह लिंबू, पेरू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची सोबत असताना चांगले शोषले जाते. चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवावी. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नयेत.

आयोडीन: आयोडीनयुक्त मीठच वापरा, गुलाबी किंवा समुद्री मिठात ते पुरेसे नसते. एकूण मीठ मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे.

ओमेगा-३ (शरीराला आवश्यक असलेले स्निग्धाम्ल): रोज एक मोठा चमचा दळलेले जवस पुरेसे होते. अख्खे जवस पुष्कळदा न पचताच बाहेर पडते.

डी जीवनसत्त्व: अहवाल पाहून डॉक्टर ठरवतील.

८. मुलांच्या ताटाचे वेगळे नियम

मुलांचे पोट लहान असते आणि तंतूंनी ते लवकर भरते, त्यामुळे प्रौढांसाठी गुणकारी ठरणारे हलके अन्न त्यांना कमी पडू शकते. प्रत्येक जेवणात काहीतरी घट्ट ऊर्जेचे असावे: शेंगदाण्याचे किंवा तिळाचे मऊ वाटण, अॅव्होकाडो, तेल घातलेली डाळ. ५ वर्षांखालील मुलांना अख्खा सुकामेवा देऊ नये, तो घशात अडकू शकतो.

नवी भाजी स्वीकारायला मुलाला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा ती चाखावी लागते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली विभागणी आमच्या घरी फार उपयोगी पडली: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवायचे. ताटात मुलाला आवडणारा एक तरी पदार्थ असावा. भाजी संपवल्यावर गोड देण्याचे आमिष दाखवू नका. त्याने भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस असा समज पक्का होतो.

९. न पटणारी मंडळी आणि बाहेरचे जेवण

घरातील ज्येष्ठांना आकडेवारी ऐकवू नका. त्यांच्या हातचे जे पदार्थ आधीच वनस्पतीजन्य आहेत, ते करायला त्यांनाच सांगा. ज्याला वेगळे हवे त्याला ते वेगळे मिळू द्या, पण सामायिक भांडे वनस्पतीजन्यच राहील एवढे पाहा. बाहेर जाताना आधी थोडे खाऊन निघावे आणि पाहुणचारात वाद घालू नये.

१०. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

एचबीए१सी ही चाचणी साधारण मागील तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे त्याआधी ती करण्यात फारसा अर्थ नाही. कोलेस्टेरॉलमधील फरक काही आठवड्यांतही दिसतो. पुन्हा जाताना आधीचे अहवाल, घरी मोजलेला रक्तदाब व रक्तशर्करा, सुरू केलेल्या पूरक गोळ्यांची मात्रा आणि आठवडाभराच्या जेवणाची नवी यादी सोबत न्यावी. मुलांची उंची-वजनाची रेषा आधीच्या मार्गावरून खाली घसरत असेल, कोणाचे वजन नको असताना घटत असेल, केस गळत असतील किंवा मासिक पाळी अनियमित झाली असेल, तर पुढचा पदार्थ काढणे थांबवावे आणि आहारतज्ज्ञांसमोर ती यादी ठेवून नेमके काय कमी पडते आहे ते शोधावे. फेरिटिन आणि बी-१२ ची फेरतपासणी किती दिवसांनी करायची, हेही त्याच भेटीत विचारून लिहून घ्यावे.